मोठ्या टाकीतला मासा

वहिनी,

तुझ्या प्रयोगशाळेतून फोन आला होता. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या माणसांवर पुस्तिका काढतायत म्हणे. तुझ्यावर अर्धं पान हवं, सोबत हसरा फोटो. फोनवरचा मुलगा गोड बोलला, आजी, चार चांगले शब्द लिहा. दिले लिहून. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, मुलांची लाडकी. माणूस गेलं की त्याला याच चार शब्दांत गुंडाळायची रीत आहे. तू वाचलं असतंस तर विचारलं असतंस, वन्सं, ही बाई कोण?

उरलेलं इथे लिहिते. तुझं कौतुक सुरू झालं की तू मान खाली घालायचीस, आणि लोक म्हणायचे, किती हा विनय. विनय कसला डोंबलाचा. तुला लाज वाटत होती. कसली, ते तू माझ्या ओट्याशी उभी राहून, नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड मला सांगितलं होतंस. पण तू समोर आहेस असं धरून लिहायला बसले की आपलं भांडण सुरू होतं आणि गोष्ट राहते बाजूला. म्हणून तुझी गोष्ट तिऱ्हाइताची असल्यासारखी सांगते. तिच्यात तुझी नणंदही येईल. ती जरा आगाऊ आहे, तिला सांभाळून घे.

तर ती विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत मासे सांभाळायची. शिक्षण भरपूर होतं, पहिला वर्गही होता, पुढे संशोधन करायचं असंही ठरलं होतं. पण लग्न, मूल, सासूचं अंथरूण अशी एकेक कामं रांगेत पुढे घुसत गेली आणि तिचा नंबर काही लागला नाही. नंबर लागला तेव्हा जागा उरली होती ती ही. हुद्द्याचं नाव लांबलचक, पण सगळा मजला तिला मासेवाली बाई म्हणे. तिला त्याचं काही वाटत नसे. बाजारात बसते तीही मासेवालीच, ती म्हणायची, फक्त माझ्याशी कुणी घासाघीस करत नाही.

मासे म्हणजे बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळ्या रेघा. त्यांची खोली तळघरात होती, उबदार आणि दमट. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. भिंती भरून टाक्या, पंपांची सतत घरघर. संध्याकाळी निघताना ती नर आणि मादी एका डब्यात सोडून मधे पडदी घालायची. सकाळी दिवे लागले की पडदी काढायची, आणि चहा होईतो तळाशी अंडी पडलेली असायची. माशांचं बरं असतं, ती नणंदेला म्हणाली होती, रात्रभर भिंत, सकाळी भिंत काढली की संसार. आपल्याकडे आधी संसार थाटतात आणि मग भिंत चढत जाते. यावर तिचा नवरा, म्हणजे नणंदेचा दादा, वर्तमानपत्रामागून खाकरला होता.

त्या माशांचं अंडं काचेसारखं असतं आणि आतलं पिल्लूही. त्यामुळे हृदय कसं बनतं, कधी धडधडायला लागतं, हे काहीही न कापता दिसतं. प्रयोगशाळेचं सगळं संशोधन त्यावर उभं होतं.

तिच्या स्वभावाची एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं क्षुल्लक वाटेल. ती खोटं बोलत नसे. तत्त्व म्हणून नव्हे, तिला ते जमतच नसे. नणंदेने हौसेने शिवून घेतलेला कोट बघून, खांद्यात फसलाय, पैसे परत मागा, असं तिने भर पाहुण्यांत सांगितलं होतं. मुलाचा पाळलेला ससा मेला तेव्हा दादा म्हणाला, पळून गेला म्हणू या. तिने पोराचा हात धरला, त्याला सशापाशी नेलं, हात लावू दिला आणि दोघांनी मिळून खड्डा खणला. मूल दोन दिवस रडलं आणि तिसऱ्या दिवशी खेळायला गेलं. खोटं बोललं की लक्षात ठेवावं लागतं, तिचं म्हणणं, आणि मला तेवढी सवड नाही.

पुढे कधीतरी वरून फर्मान निघालं. लोकांच्या पैशावर संशोधन करता, तर ते लोकांना दाखवा. वर्षातून एक दिवस प्रयोगशाळेची दारं उघडायची, शाळांना बोलवायचं, येईल त्याला आत घ्यायचं. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते स्वतः उभे राहिले. माणूस विद्वान, पण बोलायला लागला की खोलीतली हवा कमी व्हायची. मुलं खुर्च्यांना लाथा मारू लागली, एक तर चक्क झोपलं. सर घाम पुसत मागे आले आणि म्हणाले, बाई, तुम्ही जरा बघता का?

बाईंनी बघितलं. भाषण बंद करून तिने प्रत्येक मुलाच्या हातात एक चिमुकली बशी दिली, तिच्यात थेंबभर पाणी आणि त्यात एकच अंडं. हे तुझं, ती म्हणाली. एवढंच. मग सूक्ष्मदर्शकापाशी नेऊन, डोळा लाव, टेबलाला टेकू नकोस, टेबल हललं की अंडंही हलतं, आता गप्प राहा आणि वाट बघ. मूल वाट बघे. आधी नुसता धूसर गोळा, मग त्यात काळा ठिपका, तो डोळा, आणि मग त्या डोळ्याखाली कुणीतरी मूठ उघडझाप करावी तसं काहीतरी. धडधडतंय, मूल कुजबुजत म्हणे. आणि मागच्या रांगेतली ढकलाढकली आपोआप थांबे.

‘हे तुझं’ ही तिची युक्ती. बाकी सगळ्या प्रयोगशाळांच्या खुल्या दिवसांना जेवढी माणसं येत, तेवढी एकट्या तळघराच्या जिन्यावर उभी राहू लागली.

आता प्रश्न असा की त्या अंड्यांचं पुढे काय. नियम साधा होता. पिल्लू पाच दिवसांचं झालं की स्वतःचं स्वतः खायला लागतं, आणि तेव्हापासून ते कागदोपत्री प्राणी ठरतं. प्राणी म्हटलं की परवानगी आली, जागा आली. म्हणून जी पिल्लं कामाची नाहीत ती त्याआधीच संपवायची, आधी भुलीचं औषध आणि मग ब्लीच. त्यात क्रूर असं काही नव्हतं. ज्या कामातून पुढे माणसांच्या जन्मजात हृदयदोषांविषयी चार गोष्टी कळणार, त्यात हे यायचंच. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि तरी लपवलं जात होतं. मुलांनी विचारलंच तर मोठ्या टाकीत सोडतो म्हणायचं, अशी तिथली पद्धत होती. कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं. सर म्हणत, आमच्या सरांपासून चालत आलंय.

तीही म्हणू लागली. सशाचा खड्डा खणणारी बाई, मुलं विचारायची आणि ती सांगायची, मोठ्या टाकीत. घरातलं खरंखोटं आणि कामाच्या जागेचं खरंखोटं यांचे डबे वेगळे असतात, हे तिला तेव्हा माहीतही नव्हतं. नंतर कळलं.

कळलं ते एका मुलीमुळे. ती शाळेच्या रांगेतून नाही, बापाचा हात धरून आली. बाप बसचा ड्रायव्हर, ड्युटीच्या कपड्यांत, टोपी हातात. पोर आठ-नऊ वर्षांची, नाकापेक्षा चष्मा मोठा. चष्मा काढून बघायचं की ठेवून, हा तिचा पहिला प्रश्न. बाईंनी तिचं नाव तिथल्या तिथे चष्मिस ठेवलं आणि पुढे तेच राहिलं. चष्मिस डोळा लावून इतका वेळ उभी राहिली की मागची मुलं कुरकुरू लागली.

“मावशी, माझ्याची शेपटी वाकडी आहे.”

बाईंनी पाहिलं. खरंच होती. अशी अंडी निवडतानाच बाजूला काढतात, हे नजरचुकीने राहून गेलं होतं. दुसऱ्या कुणी बदलून मागितलं असतं. हिने त्याचं नाव वाकडू ठेवलं. मग पुढचा प्रश्न आला, आता याचं काय करणार. मोठ्या टाकीत सोडणार. चष्मिस विचारात पडली.

“तिथे बाकीचे याला त्रास देतील.”

“नाही देणार. मी लक्ष ठेवीन ना.”

हे शेवटचं वाक्य पद्धतीतलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं.

दुपारी गर्दी ओसरली. तिने सगळ्या बशा एका भांड्यात ओतल्या, भूल दिली, ब्लीच ओतलं, हात धुतले आणि बस पकडली. त्यात वाकडू कुठला, हे तिने पाहिलंसुद्धा नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त खुपलं ते हे. बोलताना जीभ अडखळली असती, ओतताना हात थबकला असता, तरी काहीतरी पदरात राहिलं असतं. तसं काही झालं नाही. घरी येऊन तिने पोटभर जेवून नणंदेला त्या चष्म्याची गंमत सांगितली आणि दोघी मनापासून हसल्या.

पुढच्या वर्षी दार उघडायच्या आतच ती बापलेक बाहेर उभी. पोरीने इकडे तिकडे पाहिलं नाही, बशी घेतली नाही, सरळ विचारलं, मावशी, वाकडू कुठाय?

क्षणभर तिला संदर्भच लागेना. लागला तेव्हा खरं सांगायला तोंड उघडलं होतं, असं ती नंतर शपथेवर सांगायची. पण बाप टोपी हातात घेऊन हसत उभा होता, मागे जिनाभर मुलं होती, आणि तेवढ्यात तिची नजर तिसऱ्या फळीवरच्या टाकीवर गेली. तिथे एक म्हातारा मासा होता, पाठीत बाक आलेला. वय झालं की काही माशांना येतो तसा. तिचं बोट वर झालं.

“हा बघ.”

चष्मिसने काचेला नाक लावलं. “केवढा झाला,” ती हळूच म्हणाली. आणि मग काचेवरून हात फिरवला, जसं काही आतल्याला कळणार आहे. बाप बाईंना बाजूला घेऊन सांगू लागला, पोरगी पूर्वी पुस्तकाला हात लावत नव्हती, आता वाचनालयातून घरी यायला तयार नसते. तुमचे उपकार आहेत, बाई. बाईंचे कान एवढे तापले की तिला वाटलं, याला दिसत असणार. त्याला तो विनय वाटला.

त्या दिवशी घरी येऊन ती नणंदेच्या ओट्याशी उभी राहिली, नळ सोडला आणि सगळं सांगितलं. नणंद आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवलेली बाई, खोट्याची तिला काय नवलाई. तिने साधा सल्ला दिला. पुढच्या वर्षी सांग, म्हातारा होऊन मेला. विषय संपला.

“म्हणजे पहिलं खोटं पुरायला दुसरं.”

“मग खरं सांग. पोरं आईबापांची भांडणं पचवतात, एका माशाने काय होतंय?”

“मासा मेला म्हणून रडेल, ते मी बघून घेईन हो वन्सं. पण मी लक्ष ठेवीन म्हटलं होतं, ते तिला आठवेल ना.”

मग नळ बंद करून ती खाली, आपल्या मजल्यावर गेली. जाताना पातेलं उलटं ठेवायला विसरली, तिच्या हातून असं कधी होत नसे.

आणि मग दरवर्षीचा तो शोध सुरू झाला. एरवी पाठ वाकलेला मासा आजारी समजून टाकीतून काढतात. ती मात्र खुल्या दिवसाच्या आधी एकेक टाकी धुंडाळून असा एखादा वेगळा ठेवू लागली. नणंद विचारायची, मिळालं का यंदाचं वाकडं स्थळ? पहिली दोन वर्षं ती हसली. मग हसेनाशी झाली. सरांनी एकदा विचारलं, बाई, हा कशाला ठेवलाय? तिने कारण सांगितलं, सगळं. सर मोठ्याने हसले. अहो, यात खोटं काय, मोठी टाकी आहे, तिच्यात मासे आहेत. पोरगी खूश, तुम्ही खूश. संशोधनातला माणूस आकड्यांत एवढासा फेरफार सहन करत नाही, आणि हे त्यांना फेरफार वाटत नव्हतं. तिला वाटलं होतं, सर रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या की पाचव्या वर्षी चष्मिस कुठल्याशा पुस्तकात वाचून आली, हे मासे फार तर तीन-चार वर्षं जगतात. म्हणजे वाकडू आता मरणार का? हीच वेळ होती. दार आपणहून उघडलं होतं, नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ती म्हणाली, इथे निगा चांगली असते, जास्त जगतात. घरी येऊन तिने तोंड धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं.

त्यानंतर शाळेचं प्रकरण झालं. चष्मिसने वक्तृत्व स्पर्धेत वाकडूवर भाषण केलं आणि बक्षीस मिळवलं. शाळेने बाईंना पाहुणी म्हणून बोलावलं. या वेळी ती ठरवून गेली होती. नणंदेला बरोबर घेतलं, म्हणजे पळता येणार नाही. कार्यक्रम झाल्यावर पोरीला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. वाटेत बसमध्ये तिने वाक्य पाठ केलं, ओठ हलत होते.

व्यासपीठावर तिच्या हातात फुलं दिली. चष्मिस आता उंच झाली होती, आवाज खणखणीत. तिने तो पहिला दिवस सांगितला, धडधड सांगितली, वाकडी शेपटी सांगितली. मग बाईंकडे वळून म्हणाली, मावशींनी मला शब्द दिला होता, मी लक्ष ठेवीन, आणि त्यांनी तो पाळला. शास्त्रज्ञ असा असतो, असं मला वाटतं. टाळ्या पडल्या. उभं राहा, उभं राहा, असं हेडमास्तर मागून म्हणाले. ती उभी राहिली. फुलं तिने तोंडासमोर धरली होती. पहिल्या रांगेतल्या नणंदेला तेवढे कान दिसत होते, लालभडक.

बाहेर आल्यावर नणंदेने विचारलं, काय, सांगितलंस?

“बस आली बघा,” ती म्हणाली. बस आली नव्हती.

वर्षं गेली. चष्मिस विद्यापीठात आली, पहिल्या फटक्यात निवडली गेली, आणि कुठली प्रयोगशाळा हे विचारायलाच नको. बाईंची निवृत्ती जवळ आली होती. दादा तोवर गेला होता, मुलगा दूर होता. खालचा मजला आणि वरचा मजला मिळून दोन म्हाताऱ्या, एवढंच घर. चष्मिस येणार हे कळल्यापासून तिचं जेवण कमी झालं. आता मुलीला कळणारच होतं. नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात माशांचे नियम शिकवतात, पाचवा दिवस, भूल, ब्लीच, सगळं. ते शिकवण्याचं काम बाईंचंच होतं. म्हणजे तिच्याच तोंडून कळणार, हेही एका अर्थी बरं होतं. आधी बाजूला घेऊन सांगायचं, मग नियम शिकवायचे. नणंदेला ती चार-चारदा सांगत होती, या वेळी नक्की.

त्या सोमवारी तिने रजा टाकली. पोटाचं कारण दिलं. आपण भित्रे आहोत हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिला पहिल्यांदा खरंच पोट दुखतंय असं वाटलं. नणंदेने वर बोलावून चहा दिला. दोघी चहा पीत होत्या, आणि तिकडे तळघरात दुसरं कुणीतरी चष्मिसला मोठ्या टाकीचं खरं सांगत होतं.

मंगळवारी ती गेली तेव्हा चष्मिस पांढरा कोट घालून माशांना खायला घालत होती. ‘मावशी’चं आता ‘मॅडम’ झालं होतं. गुड मॉर्निंग मॅडम. चेहऱ्यावर काही नाही. बाईंनी दिवसभर वाट पाहिली, मग आठवडाभर, मग कितीतरी महिने. मुलगी विचारेल, निदान एकदा वाकडं बोलेल, निदान ती तिसरी फळी बघून हसेल. काही नाही. काम चोख, हात हलका, बोलणं अदबीचं. आणि जिला विचारलं जात नाही तिने आपणहून सांगायचं कसं, हा बाईंचा नवा बहाणा झाला.

खुला दिवस आला. बाईंचा तो शेवटचा. गुडघे बोलायला लागले होते म्हणून तिने सूक्ष्मदर्शकाचं टेबल चष्मिसकडे सोपवलं आणि स्वतः दाराशी स्टूल टाकून बसली. चष्मिस उत्तम करत होती. टेबलाला टेकू नकोस, गप्प राहा, वाट बघ. हे तुझं. शब्द तेच, मधली थांबण्याची जागाही तीच. बाईंना ऐकताना बरं वाटत होतं. मग लाल बुटांच्या एका चिमुरडीने बशी छातीशी धरून विचारलं, याला तुम्ही मारणार का?

चष्मिस गुडघ्यांवर बसली, म्हणजे डोळे डोळ्यांच्या पातळीत येतील. तीही बाईंचीच सवय.

“मोठ्या टाकीत सोडणार. आणि मी लक्ष ठेवीन.”

चिमुरडी बशी ठेवून गेली. चष्मिस उठली, दाराशी आली आणि बाईंच्या कानाशी वाकून, हसत, अगदी मनापासून, पास झालेल्या विद्यार्थ्यासारखं म्हणाली, “मॅडम, जमलं ना? तुमच्यासारखं?”

आता ऐक, बाईंनी काय उत्तर दिलं. ती म्हणाली, “जमलं.”

हे सगळं तिने ओट्याशी सांगितलं तेव्हा नळ सोडला नव्हता. पाण्याचा आडोसा तिला नको होता. नणंद समजूत घालायला गेली. मुलीला सगळं माहीत आहे, तिने तुला कधीच माफ केलंय, आता सांगायला उरलंय काय? तेव्हा ती जी चिडली, तशी चिडलेली नणंदेने तिला जन्मात पाहिली नव्हती.

“माफ कशाला करेल? तिला राग तरी आलाय का? मासा मेला हे तिला कळलंय. मला लाज वाटते, हे कुठे कळलंय? ती समजते, ही हातोटी आहे. मी शिकवली, ती शिकली.”

 

निरोप समारंभात सर बोलले, मुलं बोलली, चष्मिस तर रडली. ती मान खाली घालून बसली आणि सगळे म्हणाले, किती विनय. जाताना काय हवं असं विचारलं तेव्हा तिने त्या वर्षीचा वाकडा मासा मागितला. साधा, जनुकांत काहीही फेरफार नसलेला मासा होता, निवृत्त होणाऱ्या बाईंना नाही कोण म्हणणार. घरी आणून तिने तो खिडकीपाशी काचेच्या मोठ्या भांड्यात ठेवला. तो भांड्याच्या एकाच बाजूने फिरायचा, पाठीच्या बाकामुळे दुसरीकडे वळणं त्याला जड जात असावं.

मग दोघींचं ठरलं. हा मासा घेऊन प्रयोगशाळेत जायचं, चष्मिसच्या टेबलावर ठेवायचा आणि सांगायचं, हा वाकडू नाही. एकही वाकडू नव्हता. मी खोटं बोलले, ते जमलं होतं म्हणून नव्हे, खरं सांगायची छाती नव्हती म्हणून. तू नको शिकूस. लाल बुटांच्या त्या मुलीलाही सांग, म्हणावं, विचारलंस ते बरोबर विचारलंस. एवढंच. नणंद बरोबर जाणार होती, शाळेत गेली तशी. दोन बस बदलाव्या लागणार होत्या.

मासा बसमधून न्यायचा तर बरणी हवी. घरातल्या बरण्या चालणार नाहीत, तिने बजावलं. साबणाचा नाहीतर तेलाचा अंश राहतो, आपल्याला वास येत नाही पण मासा तासाभरात उलटा होतो. नवी कोरी बरणी, रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची. बाजारात नणंदेचं रोजचं जाणंयेणं, म्हणून ते काम नणंदेकडे आलं. नणंद एकदा विसरली. एकदा दुकान बंद होतं. एकदा तोंड अरुंद वाटलं. आणि दरवेळी ती रिकाम्या हाताने परत आली की खिडकीशी बसलेल्या बाईंचा चेहरा थोडा सैल व्हायचा, नणंद ते बघायची, आणि आपण बघितलं हे बाईंनीही बघितलेलं असायचं. दोघी मग दुसरंच काही बोलायच्या.

एका सकाळी ती खिडकीशी आली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

चष्मिस भेटायला आली होती. आता नव्या विद्यार्थ्यांना माशांचे नियम तीच शिकवते. ती त्या भांड्यापाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, मॅडमनी मला सगळं शिकवलं. नणंदेने तिला चहा विचारला. दुसऱ्याची लाज उसनी घेऊन सांगता येत नाही. ती ज्याची त्यानेच न्यायची असते, बरणीतून, दोन बस बदलून.

वहिनी, मासा तुझ्यामागून काही आठवडे जगला. मी पाणी बदलत होते, तू दाखवलं होतंस तसं. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या बरण्या आहेत, रुंद तोंडाच्या, निळ्या झाकणाच्या, बाहेरच मांडून ठेवलेल्या. जातायेता दिसतात. आणायची राहिली.